रानाच्या वेशीखाली

आमच्या गावामागच्या डोंगरात, दाट रानात, एक दगडी कमान आहे. ती कोणी बांधलेली नाही. ओढ्याने खालचा कातळ पोखरून नेला आणि वरचा तेवढा पुलासारखा राहिला. आम्ही तिला रानाची वेस म्हणतो. वेशीखाली बोलायचं नाही. तिथे काही ऐकू आलं तर ओ द्यायची नाही, थांबायचं नाही, सरळ पार व्हायचं. पोराला आई पहिल्यांदा तिकडून नेते तेव्हा त्याच्या तोंडावर हात ठेवते. माझ्या आईच्या हाताला तेव्हा राखेचा वास होता. हे मला खरंच आठवतं की नंतर कोणी सांगितलं, कोण जाणे.

गावातली शाळा सातवीला संपते, माझीही तिथेच संपली. अप्पा, म्हणजे माझे वडील, रानातली शिकेकाई गोळा करून हुबळीला कमरीपेठेतल्या एका दुकानात घालायचे. त्या दुकानाच्या अण्णांनी एकदा मला बघून विचारलं, "ह्याला रानात ठेवून काय शिकेकाई करणार?" तेव्हापासून मी तिथेच आहे. दुकानाच्या माळ्यावर झोपतो, आणि अक्का, अण्णांच्या घरच्या, आपल्या मुलांच्या आधी मला वाढतात. इतकं कोण कुणासाठी करतं? तरी घरचा फोन आला की मी आधी वाईटच धरून चालतो. आमच्याकडे फोन लागायला टेकडी चढावी लागते. नुसतं बरं आहे सांगायला कोण चढणार?

तो फोन चुलत्यांचा होता. अप्पा आदल्या सकाळी शिकेकाईला गेले ते आलेच नव्हते. आज दिवसभर सगळं रान धुंडाळलं, म्हणाले, कुठे पत्ता नाही.

दुसऱ्या सकाळी अण्णांनी दुकान उघडलंच नाही. "नडी, चल," एवढंच म्हणाले. अळणावरपर्यंत रेल्वे, पुढे जीप, मग पायवाट. अण्णा अंगाने जड. चढावर धाप लागली तरी बोलणं थांबेना. मला धीर द्यायलाच बोलत होते. वाटेत चुलते आणि गावची माणसं भेटली. वेस जवळ आली तशी मी भीत भीत म्हणालो, "अण्णा, आता पुढे गप्प राहावं लागतं. तशी रीत आहे."

"माझ्या लग्नात भटजीला जमलं नाही ते तू सांगतोस," अण्णा म्हणाले. पण गप्प राहिले. आम्ही सगळे खाली बघत पार झालो.

पलीकडे गेल्यावर त्यांनी चुलत्यांना विचारलं, "काल हाका मारल्या होत्या ना?"

"मारल्या की. अलीकडे मारल्या, पलीकडे मारल्या."

"आणि खाली?"

"खाली कशी मारणार, अण्णा?"

अण्णा वळले आणि एकटेच कमानीखाली जाऊन उभे राहिले. "ओ अप्पा, आहात काय कुठे?"

हाक कातळावर आपटून खाली उतरत गेली. आणि खालून आवाज आला. टक. मग पुन्हा टक. लोखंड दगडावर आपटल्यासारखा.

"हे काल पण वाजत होतं," माझ्या शेजारी चुलते म्हणाले. बाकीची माणसं जमिनीकडे बघत होती. काल ती टकटक ऐकून सगळ्यांनीच पाय उचलले होते.

वेशीच्या पायाशी कारवीच्या झुडपांआड एक खोल घळ आहे. अप्पा तिच्यात पडले होते. मांडीचं हाड मोडलेलं, पाय काळानिळा, हातात कोयता. घोंगडं बांबूला बांधून त्यांना जीपपर्यंत आणलं. जीपमध्ये त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी विचारलं, "अप्पा, काल माणसं वरून गेली तेव्हा हाक का नाही मारली?"

"वेशीखाली कोण बोलतंय?" ते म्हणाले. "म्हणून तर कोयता वाजवला."

हुबळीच्या दवाखान्यात डॉक्टर अण्णांशी कन्नडमध्ये हळू आवाजात बोलत होते. मला कन्नड येत नाही असं त्यांना वाटलं असावं. बोलण्यात 'निन्ने' हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. निन्ने म्हणजे काल. संध्याकाळी अप्पा गेले.

बाराव्याला अण्णा गावी आले. तोवर गावाचं ठरून गेलं होतं: बाहेरच्या माणसाने वेशीखाली हाक मारली, म्हणून वेशीने अप्पांना नेलं. अण्णांजवळ कोणी बसेना. चुलत्यांनी तर तोंड फिरवलं. आईने मात्र त्यांचं पान माझ्या शेजारी मांडलं आणि पदर खोचून स्वतः वाढलं.

जेवणं झाल्यावर मी घळीपाशी दिवा ठेवायला निघालो. अण्णा म्हणाले, मीही येतो. दिवा ठेवून मी कमानीखाली उभा राहिलो. अप्पांना एकदा तिथून मोठ्याने हाक मारायची असं हुबळीहून त्यांना घेऊन येतानाच ठरवलं होतं. तोंड उघडलं. आवाज फुटेना. वर कातळ, खाली ओढ्याचं पाणी, आणि ओठांवर कोणी हात ठेवल्यासारखं.

"काय रे, काय झालं?" मागून अण्णांनी विचारलं.

मी कमान पार करून उजेडात आलो तेव्हाच म्हणालो, "काही नाही, अण्णा. पाय जपून टाका, इथे निसरडं आहे."