कमानीपर्यंतचा किस्सा

सोसायटीच्या फाटकाला आज रेड ऑक्साइड मारताहेत; तो वास नाकात गेला आणि बाबांची चाकांवरची खोली डोळ्यांपुढे उभी राहिली. साकीनाक्यात आयुष्यभर वेल्डिंग केलेल्या या माणसाने निवृत्तीनंतर बोरीवलीच्या आमच्या आवारात सहा महिने खपून जीपमागे जोडायची खोली बांधली: चार बंक, छोटा ओटा, खिडकीला आईच्या साडीचा पडदा. ती घेऊन आम्ही सगळे कोकणात जाणार, समुद्रकाठी मुक्काम करणार! निघायच्या सकाळी आख्खी सोसायटी खाली जमली, नारळ फुटला, जीप हलली आणि धाडकन खोलीचं छप्पर फाटकाच्या कमानीला अडकलं. बाबांनी फाटकाची रुंदी तीनदा मोजली होती, उंची एकदाही नाही. "काका, इथेच कोकण समजा ना!" गॅलरीतून कुणीतरी ओरडलं. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. "दोन दिवस थांब रे, छप्पर कापून खाली घेतो," बाबा म्हणाले. "रजा चारच दिवस आहे, बाबा," म्हणत मी बायकोमुलांना घेऊन अलिबागच्या हॉटेलात गेलो. आई त्यांच्यापाशी राहिली. परतलो तेव्हा खोली फाटकाबाहेर उभी होती. छप्पर वीतभर खाली, रंग ओला, चारही बंकांवर धुतलेल्या चादरी. "आता जाते बघ. निघूया?" बाबांनी विचारलं. मी म्हणालो, उद्या ऑफिस आहे. हा किस्सा मी अजूनही लग्नाकार्यांत हातवारे करून सांगतो, लोक हसून लोळतात. पण मी कमानीपाशीच थांबतो. बाबा समोर बसलेले असायचे तेव्हाही तिथेच थांबायचो, आणि तेही सगळ्यांबरोबर हसायचे.