चौकोनी नानकटाई

देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विश्रांती घेतली, हे आमच्या मेहुण्यांना मनापासून कधीच पटलेले नाही. सातवा दिवस वास्तविक तपासणीचा असायला हवा होता, असे त्यांचे मत आहे, आणि ते त्यांनी एका पाळकसाहेबांना उपदेश संपताक्षणी ख्रिस्तमंदिराच्या पायरीवर ऐकवलेही होते. माझ्या पत्नीचे हे थोरले बंधू भिंगारला राहतात. त्यांची सारी नोकरी तिथल्या लष्करी भांडारात कारकुनी करण्यात गेली. बंदूक त्यांनी आयुष्यात हाती धरली नाही. परंतु सैनिकांच्या घोंगड्यांच्या घड्या सांभाळता सांभाळता युद्धशास्त्राचा काही गूढ संस्कार त्यांच्यावर झाला असावा. मी जन्मभर शाळेत संस्कृत शिकवले, स्वभावाने सोशीक आहे आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीत मला वडीलपणाचा मान आहे. यांपैकी एकाही गोष्टीचा त्यांच्यावर आजवर परिणाम झालेला नाही. बहिणीच्या नवऱ्याला ‘दाजी’ म्हणण्याचा रिवाज ते पाळतात, पण त्या शब्दाचा उच्चार असा करतात, की समोर कोणी नवा भरती झालेला शिपाई उभा आहे असे वाटावे.

नाताळ हा त्यांच्या लेखी सण नसून मोहीम आहे. दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात तोच त्यांची कानटोपी पेटीतून बाहेर येते आणि ती एकदा डोक्यावर चढली की घरात फर्माने सुटू लागतात. भिंतींना चुना स्वतःच्या हाताने, चांदणी बांबूच्या कामट्यांची, वर पतंगी कागद आणि चिकटवायला घरची खळ. त्यांच्या मुलाने एकदा पुण्याहून प्लास्टिकची, उघडझाप करणारी चांदणी आणली होती. मागी लोकांना येशूबाळाची वाट दाखवणारा तारा डोळे मिचकावत नव्हता, असे सांगून त्यांनी ती कोंबड्यांच्या खुराड्यावर टांगली. पुढचे काही दिवस त्या बिचाऱ्या कोंबड्यांना रात्र कोणती आणि पहाट कोणती हे उमगेना, आणि अंडी विकत आणावी लागली. गोठ्याच्या देखाव्यात कडबा पसरला की ते गुडघ्यांवर बसून मातीच्या मेंढरांची तोंडे एकेक करून गव्हाणीकडे वळवतात. तारणाऱ्या येशूकडे पाठ केलेले मेंढरू त्यांना खपत नाही. उपासनेला उशिरा येणारी माणसेही खपत नाहीत, पण त्यांची तोंडे वळवता येत नाहीत, याचे त्यांना दुःख आहे.

तथापि या मोहिमेचे शिखर म्हणजे नानकटाई. आमच्याकडे नानकटाईचा गोळा घरी मळून पत्र्याच्या ट्रेमधून बेकरीच्या भट्टीवर नेतात आणि आपल्या डोळ्यांसमोर भाजून घेतात. डिसेंबरात त्या भट्टीपुढे आमच्या मंडळीतली निम्मी घरे ताटकळत असतात. मेहुणे तिथे घरची खुर्ची घेऊन जात आणि हातातल्या काठीने भट्टीवाल्याला आच कमीजास्त करायला लावीत. ‘नानकटाई मी करतो’ असे ते सर्वांना सांगत आणि त्यांची पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, त्यावर मान डोलवीत. घरी परतल्यावर पहिली नानकटाई तोंडात टाकून ते एक दोष जाहीर करीत. वहिनी म्हणत, ‘पुढल्या वर्षी बघू.’

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस वहिनी गेल्या. थोड्या दिवसांचे आजारपण झाले, आणि ज्यांनी उभ्या आयुष्यात कोणाला ताटकळत ठेवले नाही त्या बाईने जातानाही फारशी वाट पाहायला लावली नाही. घरात मृत्यू झाला की त्या वर्षी चांदणी लावू नये, कढई चढवू नये, फराळाचे आप्तांनी आणून द्यावे, असा आमच्यातही रिवाज आहे. मेहुण्यांनी मात्र दिवाळी सरताच कानटोपी पेटीतून बाहेर काढली. मंडळीत कुजबुज सुरू झाली, मुलाचे पुण्याहून फोन आले, आणि अखेरीस त्यांची समजूत घालण्याचे काम माझ्यावर येऊन पडले.

मी काही सौम्य वचने मनात जुळवून भिंगारला गेलो, तर हे अंगणात कामट्या तासत बसलेले. मला बघून त्यांनी खळीचे भांडे माझ्या हातात दिले आणि धरून ठेवायला सांगितले. हातात खळ घेतलेल्या मनुष्याला उपदेश करणे किती अवघड जाते, हे मला त्या दिवशी समजले. तरीही मी म्हणालो, की पहिले वर्ष आहे, घर शांत असावे, लोकांच्या भावनांचाही विचार करावा.

“दाजी,” ते कामटीवरून नजर न काढता म्हणाले, “येशूबाळ काय आमच्या घरचं सुतक विचारून जन्माला येतं का?”

मग ते उठले आणि मला स्वयंपाकघरातल्या कपाटापाशी घेऊन गेले. आत स्टीलची ताटे रचून ठेवलेली होती, प्रत्येकाच्या काठावर निरनिराळ्या घरांची नावे कोरलेली. दिवाळीत हिंदू शेजारी फराळाची ताटे पाठवीत. वहिनी ती धुऊन ठेवून देत आणि नाताळात आपला फराळ भरून परत करीत. यंदा दुःखाचे घर म्हणून शेजाऱ्यांनी ताटे जास्तच भरून पाठवली होती.

“तिच्या हयातीत या घरातून कुणाचं ताट रिकामं गेलं न्हाई,” मेहुणे म्हणाले. “आता मी रिकामी ताटं वाटत फिरू? लोक म्हणतील, बाई गेली आन् घर बुडालं. तसं मी म्हणू देणार न्हाई.”

मी खळ ढवळीत राहिलो.

पुढच्या खेपेला बरोबर आलेल्या माझ्या पत्नीने सुचवले की फराळ आमच्या घरी करू. तो तुझ्या घरचा होईल, या घरचा नाही, असे म्हणून त्यांनी ते उडवून लावले. मग तिने भीत भीत विचारले, “दादा, नानकटाई तुला येते का रे?” त्यावर ते इतके दुखावले, की तो दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत. इतकी वर्षे मग भट्टीवर कोण उभे राहत होते, हे त्यांनी तिला माझ्यामार्फत विचारले.

ठरल्या दिवशी नगरच्या थंडीने डब्यातले तूप दगडासारखे थिजले होते. त्याच्याशी झटत बसणे मेहुण्यांना शिस्तीविरुद्ध वाटले. त्यांनी ते चुलीवर पातळ केले आणि सरळ मैद्यात ओतले. गोळे मात्र देखणे वळले, ट्रेमध्ये रांगेत मांडले आणि खुर्ची व काठी घेऊन भट्टी गाठली. मीही मागोमाग होतो. भट्टीवाल्याने ट्रे बाहेर ओढला तेव्हा त्यात रांगाही नव्हत्या आणि गोळेही नव्हते. सगळे वितळून, एकमेकांत मिसळून एकच तपकिरी पत्रा झाला होता. भट्टीपुढच्या बायका पुढे वाकल्या. आमच्या मंडळीतली एक म्हातारी म्हणाली, “आता गं बया, भाऊसायबांनी भाकरीच केली की.” दोघीतिघींनी पदर तोंडाला लावले.

मेहुण्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. त्यांनी भट्टीवाल्याकडे सुरी मागितली. मग काठी पट्टीसारखी आडवी धरून त्या पत्र्याचे त्यांनी असे रेखीव चौकोन कापले, की लष्करानेही वाखाणावे. “गोल तर सगळेच करतात,” ते सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “आमच्या घरची यंदा चौकोनी.”

नाताळच्या दिवशी उपासना आटोपताच ते कोट घालून ताटे वाटायला निघाले. मी पिशवी घेऊन मागे. लोक दार उघडून चपापत, मग बसा म्हणत. ते बसत नव्हते. पलीकडच्या गल्लीतल्या शेतकरी घरातल्या मावशींनी ताट घेतले आणि कळवळून म्हणाल्या, “आवं, यंदा कशापायी केलं? आमी काय ताटासाठी बसलोय व्हय?”

“आमच्या घरचा नाताळ बंद पडलेला न्हाई,” मेहुणे म्हणाले, “तेवढं कळवायला आलोय.”

मावशींनी एक चौकोन दाताखाली धरला. तो सहजासहजी तुटला नाही. त्यांनी डोळे मिटून चावला आणि म्हणाल्या, “बाईंच्या हातावानीच झालीया.”

“खोटं बोलू नका, मावशी,” मेहुणे शांतपणे म्हणाले, आणि वळले.

दुपारी कपाट रिकामे झाले होते. येशूजन्माचा सण त्या घरात यथासांग पार पडला होता आणि बोट ठेवायला कोणाला जागा उरली नव्हती. जेवणे झाली, मुलगा आणि सून अंगणात उन्हाला बसली. मेहुणे मात्र दिसेनात. माझी पत्नी त्यांना शोधत आत गेली आणि तिच्यामागे मीही गेलो. स्वयंपाकघरात ते जमिनीवर बसले होते आणि त्यांच्यापुढे मोठी परात होती. मान वर न करता त्यांनी विचारले, “बाय, ती तुपाचं काय करायची गं?”

अवघ्या आयुष्यात त्यांनी कोणाला काही विचारल्याचे मला आठवत नाही. माझी पत्नी त्यांच्याजवळ खाली बसली, आणि आपला तळहात परातीत टेकवून गोल गोल फिरवू लागली. “फेसायच्या, दादा. पातळ नाही करायचं. थिजलेलंच घ्यायचं आणि असं एकाच बाजूने फिरवायचं, लोण्यासारखं पांढरं होईपर्यंत. हात बधिर होतो थंडीत.”

“मी कधी पाहिलं न्हाई तिला.”

“पहाटे बसायच्या त्या. तू झोपलेला असायचास.”

तिने हात काढून घेतला तेव्हा त्यांनी आपला ठेवला. रिकाम्या परातीत तो सुरकुतलेला तळहात सावकाश फिरू लागला, आणि ‘कळलं, दादा, पुरे आता’ असे तिने दोनदा म्हटल्यावरही त्यांनी तो थांबवला नाही.