आईच्या ओव्यांची टेप

आमच्या भोसरीच्या कॉलेजातलं टेपांचं कपाट उघडलं की कुबट वास येतो. मराठी विभागातल्या जुन्या सरांनी चाकणच्या बाजूची गावं पालथी घालून, जमिनी कंपन्यांना जायच्या आधी, बायकांच्या जात्यावरच्या ओव्या भरून ठेवलेल्या. आता त्या कॉम्प्युटरवर उतरवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. टेप फिरली की तिचा तपकिरी भुगा मशीनवर झडतो, तो स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत बसायचं. एकदा वाजली तर वाजली, दुसऱ्यांदा भरवसा नाही.

एका डब्यावर आमच्या गावाचं नाव निघालं. आई सरांपुढे गायली होती हे मला ठाऊक होतं. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. घरात फोटो आहेत, आवाज कुठेच नाही. तो मला आठवेनासा झालाय, आणि हे मी कुणाजवळ बोललेली नाही.

टेप लावली. सरांनी आधी नाव सांगितलं म्हणून आई कळली, नाहीतर ओवी म्हणताना गावातल्या सगळ्याच बायकांचा गळा सारखा लागतो. मला हवी होती ती बोलणारी आई, 'जेवलीस का' विचारणारी, करवादणारी. आणि सर तर ओवी संपली रे संपली की खटकन मशीन बंद करायचे. टेप महाग ना, बायकांची बडबड काय, फुकटची! वर पुन्हा, "बाई, फक्त ओवी म्हणा." असा राग आला त्यांचा. अहो, एवढी पायपीट केलीत, तिला दोन शब्द बोलू दिले असते तर काय आभाळ कोसळणार होतं?

एक ओवी, खट. दुसरी ओवी, खट. टेप संपत आली तसा भुगा वाढला, आवाज बुडायला लागला. मी जीव मुठीत धरून बसले.

शेवटच्या ओवीनंतर सरांचं लक्ष कुठे होतं देव जाणे, मशीन चालूच राहिलं.

"झालं न्हवं आता?" आई म्हणाली. तीच, जराशी वैतागलेली. "जाऊ द्या मला. पोरगी साळंतनं आली असंल. घराला कुलूप हाय, दारातच बसंल बापडी."

मग टेप संपली. हेडफोन काढवेना. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"मग ये ना गं," मी म्हटलं.