रामलिंगरावांची दोरी

कुंभकोणमला महामहम तलावाच्या पूर्वेला रामलिंगरावांचं शिवणकामाचं दुकान होतं. आत विठोबाच्या तसबिरीखाली खिळ्याला एक सुती दोरी लटकत असे. तिला जागोजाग गाठी होत्या. दोरी आजोबांकडून आलेली. रामलिंगराव माप घेत ते तिनंच. कुठली गाठ छातीची, कुठली बाहीची, हे त्यांच्याखेरीज कुणाला वाचता येत नसे. एकादशीला ती विठोबाच्या पायाशी ठेवायची, त्या दिवशी कुणाचं माप घ्यायचं नाही. तमिळ गिऱ्हाइकं म्हणत, रावजींची दोरी खोटं बोलत नाही. कापड कमी पडलं म्हणून भांडायला आलेला माणूस दोरी पाहून गप्प परत जाई. स्वतःला वाचता न येणाऱ्या गोष्टीवर माणसं इतका विश्वास का ठेवतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

चोपन्न सालच्या मार्गशीर्षात मी सदरा शिवायला गेलो, तर त्यांनी बाजारातली टेप काढली.

“दोरी कुठाय?”

“आहे तिथंच आहे,” ते म्हणाले आणि माझा हात उचलून बगलेत टेप घातली.

दोरी खिळ्यावर होती. तिच्यावर धूळ होती. मग मी विचारत राहिलो. थोडं शेजाऱ्यांनी सांगितलं, थोडं त्यांच्या पत्नी विशालाक्षीबाईंनी, आणि शेवटचं, फार उशिरा, त्यांनी स्वतः.

जवळच्या, फ्रेंच अंमलातल्या कारैकलमधून फ्रेंच गेले ते त्याच सालच्या नोव्हेंबरात. त्याआधी बरीच वर्षं रामलिंगराव बसनं तिकडे जाऊन फ्रेंचांच्या सिपायांचे कोट शिवत. येताना गल्लीतल्या लोकांसाठी परदेशी साबण आणत, तेव्हा त्यांच्या कोटांविषयी कुणी काही बोललं नव्हतं. कारैकल सुटलं आणि त्यांच्याकडे झेंड्यांचं काम आलं. कात्री तीच.

एका सकाळी बसस्टँडवरून जमाव आला. पुढे नटराज. सत्याग्रहींबरोबर कारैकलच्या सरहद्दीवर गेला असताना सिपायांची लाठी खाऊन त्याचं मनगट वाकडं झालं होतं. दोघांनी एका माणसाला धरलं होतं, आणि नटराजच्या हातात त्या माणसाच्या गाठोड्यात सापडलेला खाकी कोट होता. आदल्या दिवशी अशाच एका सिपायाचं अर्धं डोकं भादरून त्याला गाढवावरून गावभर फिरवलं होतं. वाटेत त्याचा हात मोडला. कुणी मोडला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

“रावजी, हा कोट तुमचा?”

“शिवण माझी.”

“हा म्हणतो, जुन्या बाजारात घेतला. आम्ही म्हणतो, हा सिपाई. तुम्ही माप घ्या. कोटाचं आणि ह्याचं. दोरी सांगेल ते खरं.”

“न्हाव्याला बसवून ठेवलाय, लवकर आटपा!” मागून कुणी ओरडलं.

“गाढवही आलंय. त्याचं माप नको, ते आपलंच आहे!”

लोक हसले. धरलेला माणूसही कसंनुसं हसला.

रामलिंगरावांनी त्याला चेहऱ्याआधी खांद्यावरून ओळखलं होतं. कारैकलचा सिपाई राजगोपाल. उजवा खांदा उतरता. तो झाकायला त्यांनीच कोटात कापूस भरला होता. त्यानं कुणावर लाठी उगारली होती की नुसता फाटकाशी उभा राहिला होता, हे त्यांना माहीत नव्हतं. दोरीला खांदा ठाऊक असतो, हात नाही.

दाराआडून विशालाक्षीबाई घरच्या मराठीत म्हणाल्या, “अहो, विठोबाची दोरी ती. उद्या एकादशी.”

त्यांनी दोरी काढली. आधी कोट मापला, मग माणूस. दोरी गळ्याभोवती आली तशी राजगोपालनं हनुवटी वर केली. छातीची गाठ नेमकी छातीवर आली. खांद्याची खांद्यावर. रामलिंगरावांनी चिमटीत गाठ धरून ठेवली आणि सगळ्यांना दिसेल अशी दोरी वर केली.

“जुळत नाही.”

“दोरी म्हणते?” नटराजनं विचारलं.

“दोरी म्हणते.”

गर्दीतला जोर गेला. निदान कोट तरी जाळू, असं कुणी म्हणालं, म्हणून तलावाच्या पायऱ्यांवर कोट जाळला. कापूस बराच वेळ धुमसत होता. राजगोपालला कुणीतरी नाचियारकोविलच्या बसमध्ये ढकललं.

दुसऱ्या दिवशी विशालाक्षीबाईंनी पूजेसाठी दोरी मागितली. रामलिंगराव म्हणाले, “राहू दे तिथंच.” आणि बाजारात जाऊन टेप घेऊन आले.

पोंगलच्या आधी नटराज सदऱ्याचं कापड घेऊन आला. टेप बघून म्हणाला, “मला दोरीच लावा.”

“ती बाटलीय आता.”

“माझ्यामुळे.”

रामलिंगरावांनी वर पाहिलं.

“त्याचा खांदा मला दिसत नव्हता का, रावजी? सरहद्दीवर तो माझ्यासमोरच उभा असायचा.”

“मग माझ्याकडे कशाला आणलास?”

नटराज वाकडं मनगट चोळत राहिला. “आदल्या दिवशीच्या त्या माणसाला मीच पकडून दिला होता. त्याचा हात मोडताना आवाज आला. दुसऱ्या दिवशी लोक ह्या कोटवाल्याला घेऊन माझ्या दारात. नको म्हणालो असतो, तर मलाच गाढवावर बसवलं असतं. तुमची दोरी कुणाला वाचता येत नाही, म्हणून आणला.”

“आणि मी खरं सांगितलं असतं तर?”

“तर तुम्ही सांगितलं असतं. मी नाही.”

हे सांगून झाल्यावर रामलिंगराव माझ्याकडे न बघता सुईत दोरा ओवत राहिले. मग म्हणाले, “तोवर वाटायचं, पाप केलं, पण माझ्या मनानं केलं. तेवढंही त्यानं ठेवलं नाही.”

नटराजच्या सदऱ्याचं माप त्यांनी टेपनंच घेतलं. सदरा चांगला बसला, असं तो सगळ्यांना सांगत असे.