वाजते तोवर ठीक

मराठीत भूक लागते, ताप येतो, थंडी मात्र वाजते. हे व्याकरण तुळजाबाईंइतकं गांभीर्याने पुण्यात कुणी घेतलं नसेल.

मार्केट यार्डाजवळच्या एका शीतगृहाच्या दारावर त्या सव्वीस वर्षं होत्या. माहेर लोणी काळभोर, बिऱ्हाड बिबवेवाडीत. आत उणे अठरा. आत जाणाऱ्या हमालाला जाड कोट द्यायचा आणि बाहेर आल्यावर काढून घ्यायचा, एवढंच त्यांचं काम. दारावर पाटी होती : 'कोटाशिवाय आत जाऊ नये. थंडी वाजल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही.' ज्यांना ती वाचता येई त्यांची जबाबदारी तिथेच संपे. तुळजाबाईंना वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्यांना काळजी घ्यावी लागे.

बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला त्या विचारत, "वाजतीया का रं?"

"वाजतीया, मावशी."

"मग ब्येस हाय."

गार पडलेले हात कुणी दाखवले, तर बाई बघतही नसत. "कातडं चहाडखोर आसतंय. वारं लागलं की बोंबलतंय. पोट काय म्हंतंय त्ये बगावं." आणि खरोखरच सदऱ्याखाली हात घालून पोट बघत. नवे हमाल लाजत. जुने आपणहून सदरा वर करत.

शहाऐंशीच्या मे महिन्यात बजरंग नावाचा तालमीतला गडी कामाला लागला. बाहेर चाळीस डिग्री ऊन, त्यात कोट घालायचा म्हणजे पैलवानकीला बट्टा. मटारची पोती हलवत सकाळपासून तो बंडी-सदऱ्यावर आत-बाहेर करत होता. सदरा घामाने भिजलेला. व्यवस्थापक श्रीनिवासराव कौतुकाने म्हणाले, "याला म्हणतात काटक माणूस." तुळजाबाईंनी दोनदा कोट पुढे केला, तो दोनदा परत आला.

दुपारी बजरंग बाहेर आला.

"वाजतीया का रं?"

"न्हाई मावशी. सकाळी लई वाजत व्हती. आता सवय झाली. उलट बरं वाटतंय," असं म्हणून तो परत आत वळला. बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"अहो तुळजाबाई, वाजत नाही म्हणतोय ना तो? सोडा त्याला," श्रीनिवासराव म्हणाले.

"म्हणूनच न्हाई सोडत, सायेब. बजरंग, सदऱ्याची गुंडी लाव."

चार वेळा प्रयत्न झाला. बोटांना गुंडी सापडेना. बजरंग स्वतःशीच हसला, आणि ते हसूही जरा अडखळलं. बाईंनी त्याच्या काखेत तळवा घातला, मग पोटावर ठेवला. दोन्हीकडे हाताला गोठलेला मटारच लागला.

श्रीनिवासराव त्याचे तळहात चोळायला लागले. कुणीतरी पायांवर ओतायला गरम पाणी आणलं.

"हातपाय सोडा! तिथलं गार रगात आत न्याल!" पुण्यात व्यवस्थापकावर एवढ्या मोठ्याने कुणी ओरडत नाही. श्रीनिवासरावांनी हात सोडले.

बाईंनी ओला सदरा काढला, त्याला आडवं केलं आणि दारावरचे सगळे कोट त्याच्यावर घातले. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून काखेत आणि छातीवर ठेवल्या. डॉक्टरांना आणायला रिक्षा गेली. बजरंगचे डोळे मिटत होते. बाई ते मिटू देत नव्हत्या.

"वाजतीया का?"

बाईंनी त्याचे गाल थोपटले.

"आरं, वाजतीया का?"

वीसेक मिनिटं गेली असतील. मग कोटांच्या ढिगाखालून कटकट असा बारीक आवाज आला. दात होते.

"मा-मा-मावशी... वा-वाजतीया."

तुळजाबाई तेव्हा कुठे खाली बसल्या. "वाजू दे," म्हणाल्या, "चांगली जोरात वाजू दे."

डॉक्टर दीनानाथ आले. त्यांनी तपासलं आणि श्रीनिवासरावांना सांगितलं, "कातडी वर्दी देते, आतली ऊब किती उरलीय ते मेंदू बघतो. आधी हातापायांचं रक्त आखडून पोटाकडे ठेवतो, मग स्नायू थरथरवून ऊब तयार करतो. आतलं फारच निवलं, की थरथरही बंद पडते. माणसाला वाटतं, सवय झाली. आणखी एक फेरी आत गेला असता, तर उचलूनच बाहेर आणावा लागला असता."

दुसऱ्या दिवशी दारावर नवी पाटी लागली : 'थंडी वाजणे थांबल्यास तत्काळ तुळजाबाईंना भेटावे.'

कोट अंगात घालता घालता बजरंगने ती वाचून दाखवली.

"पाटी कशाला?" बाई म्हणाल्या. "मी हितंच हाय की. सदरा वर कर."