आत्यानं ठेवलेली नावं

वडगावच्या आत्याला एखादं नाव पसंत पडलं, की ते आधी बोळाला ऐकू यायचं. घराघरांतून माग चालू असताना ती दारात उभी राहायची, कमरेवर हात ठेवायची आणि मोकळ्या गळ्यानं ते नाव पुकारायची. मागांच्या खडखडाटातून ते बोळाच्या टोकाच्या किराणा दुकानापर्यंत पोचलं आणि दुकानदारानं मान वर केली, तर नाव पास. नाहीतर बाद. "हाक मारल्यावर पोचत न्हाय ते नाव कसलं रं?" ती म्हणायची. बारशाआधी नाव फोडू नये असा सगळ्यांचा रिवाज. आमच्या घरातल्या पोरांची नावं मात्र पाळणा बांधायच्या आधीच अख्ख्या बोळाला पाठ असायची.

नाव ठेवायचा मान आत्याचा. आणि माझ्या वडिलांची ही एकुलती एक थोरली बहीण. वडील आणि काका तिला आक्का म्हणत आणि तिच्यापुढे कधी तोंड उघडत नसत. त्यामुळे आमची सगळी पिढी तिच्या तावडीत सापडली. तिचा नियम साधा होता. पोर जन्मलं, की घराबाहेर पडायचं आणि दारात, घरामागच्या परड्यात, रस्त्याच्या कडेला जे फुललं असेल ते बघायचं. तेच नाव. काकांची थोरली बकुळा झाली, धाकटी तुळसा. मी जन्मलो तेव्हा म्हणे कुठंच काही फुललेलं नव्हतं. परड्यातला उंबर तेवढा फळांनी लगडला होता. म्हणून मी औदुंबर.

या नावानं मला शाळेत जे सोसावं लागलं ते मीच जाणे. वर्गात सगळे संतोष, संजय, मंजुनाथ. मधली सुट्टी झाली की पोरं माझ्यासमोर पाय उचलून उभी राहत आणि विचारत, "उंबऱ्या, तुला ओलांडू का?" मी रडत रडत बेळगावातलं शहापूर ओलांडून वडगावला गेलो आणि आत्याला म्हटलं, नाव बदल. ती मागाजवळ बसून साडीचे सुटलेले धागे कापत होती. कात्री न थांबवता म्हणाली, "उंबऱ्याबिगर घर असतंय व्हय? सांग जा त्यास्नी." मी सांगितलं. त्यानंतर पोरांनी मला दुप्पट ओलांडलं.

तुळसा माझ्यापेक्षा धीट. नोकरीला लागल्याबरोबर तिनं रीतसर कागद करून नाव बदललं आणि ती तन्वी झाली. सगळ्यांना पेढे वाटले, आत्यालाही दिला. आत्यानं तो खाल्ला आणि म्हणाली, "ग्वाड हाय गं, तुळसे." पुढे कोल्हापूरला तिचं लग्न ठरलं. भर मांडवात, मंगलाष्टकं चालू असताना, आत्याचा तो मागांच्या खडखडाटातून पोचणारा आवाज घुमला, "तुळसे, मुंडावळी सरळ कर!" नवऱ्याकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. ही तुळसा कोण, आधी ठरलेली मुलगी बदलली की काय, अशी कुजबुज झाली. तन्वीनं मला खुणेनं सांगितलं, हिला बाहेर घेऊन जा. पण आत्याला बाहेर न्यायचं ते कुणी?

माझ्या लग्नात मात्र तिनं उलटंच केलं. माझी बायको माधवी निपाणीची. आमच्यात सुनेचं नाव बदलायची पद्धत आहे, तशी वडिलांनी ताटात तांदूळ पसरून तयारी केली होती. नवीन नाव आत्याच सुचवणार, हे धरूनच सगळे तिच्याकडे बघत होते. ती पुढं आली आणि हातानं ते तांदूळ सपाट करून टाकले. "तिच्या आईबापानं ठेवलंय की एक. त्याला काय मोडलंय?" वडील म्हणाले, "आक्का, रीत असतीय." आत्या म्हणाली, "आसू दे." आणि ताट उचलून आत घेऊन गेली. जगाला नावं देत फिरणाऱ्या बाईनं नेमकी इथंच माघार का घ्यावी, कुणालाच कळलं नाही. माधवीच्या मनात मात्र ती गोष्ट राहिली.

त्या बळावर मला वाटलं होतं, आमच्या मुलीच्या वेळी सगळं सुरळीत होईल. त्यात माधवीलाही जुन्या वळणाचंच नाव हवं होतं. पानाफुलांतलं, नदीतलं, पण जुनं. सातव्या महिन्यापासून ती फोनवर तेच बघत बसलेली असायची. मैत्रिणींच्या मुलींची नावं वन्या, अरण्या, मृण्मयी अशी होती. जुनी नावं परत आली आहेत, असं ती मला सांगायची. मी मनात म्हणायचो, चला, दोघींचं जमणार. पण माधवीला हवं होतं ते पोथीतलं जुनं. आत्याच्या लेखी जुनं असं काही नव्हतंच. तिची नावं अजून परड्यात फुलत होती.

मुलगी थंडीच्या तोंडावर झाली. माधवीनं नाव नक्की केलं, इरावती. मी ते आत्याला सांगायला गेलो.

"इरावती म्हंजे काय?"

"नदी आहे, आत्या."

"कुठं?"

"लांब आहे. तिकडं, वर."

"तू बघितलीस?"

"नाही."

"तुझ्या बायकोनं?"

"नाही गं."

"मग न बघितलेल्या नदीचं नाव पोरीला कशाला? वेदगंगा हाय की निपाणीजवळ. तिच्या आईचा जन्म गेलाय ते पाणी पिऊन." मी उठायला लागलो. मग तीच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मी बघून आलीया. सांबऱ्याच्या रस्त्याला कोरांटी फुललीया, पिवळीधमक. कोरांटी ठेवायचं."

मी कपाळाला हात लावला. कोरांटी! जिला फुलापेक्षा काटे जास्त! ही पोर उद्या शाळेत जाणार, तिला पोरं काय काय म्हणतील, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी हात जोडले, आवाज चढवला, शेवटी वचन घेतलं. पाळण्यात इरावतीच सांगायचं. "बरं," आत्या म्हणाली. त्या दिवशी तिनं नाव बोळात पुकारलंसुद्धा नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

बारशाला निपाणीहून माधवीचे आईवडील, मामा, मावशा, सगळे आले होते. आत्या पाळण्यावर वाकली, कानात कुर्रर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या. ती सरळ उभी राहिली, पदर सावरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कोरांटी!" माझ्या सासूबाईंच्या हातातली घुगऱ्यांची वाटी तशीच राहिली. माधवी उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी आत्याला कोपऱ्यात घेऊन म्हटलं, "वचन दिलं होतंस ना?" तर म्हणते, "वाकले तवा इरावतीच म्हणणार होते रं. पर पोरीनं डोळं उघडलं न् माझ्याकडं बघितलं. खोटं कसं बोलू?"

दाखल्यावर आम्ही इरावतीच घातलं. आत्या कोरांटे म्हणूनच हाक मारत राहिली. माधवी तिच्याशी कामापुरतं बोलायची, सणाला पाया पडायची, बस. आणि मुलगी? ती दोन्ही नावांना ओ द्यायची. बालवाडीच्या पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं, तर हिनं छाती काढून सांगितलं, "कोरांटी!" बाईंनी हजेरी तीनदा तपासली आणि आम्हाला फोन केला की तुमची मुलगी चुकून दुसऱ्या वर्गात तर बसली नाही ना.

त्यानंतरच्या वर्षी आत्याला धाप लागायला लागली. जन्मभर सुताच्या धुळीत बसलेली, छातीनं कधीतरी तक्रार करणारच होती. बेळगावातच दवाखान्यात ठेवलं. तिचा मुलगा बाळूअण्णा रात्री थांबायचा, दिवसा माधवी. मी म्हटलं होतं, तू कशाला? ती म्हणाली, "मग कोण?"

एका सकाळी मी आणि माधवी डबा घेऊन गेलो, तर नर्स पलंगाशी उभी राहून "सुलोचना... सुलोचना अज्जी..." म्हणून हाका मारत होती. आत्या खिडकीकडे तोंड करून पडलेली. जागी होती, पण मान वळवेना. नर्स घाबरून डॉक्टरांना बोलवायला निघाली. मी जवळ जाऊन म्हटलं, "आत्या!" लगेच वळली.

मी वैतागलो. "अगं, ती केव्हाची हाक मारतीय. ओ द्यायला काय होतं?"

"मला कुठं मारली?"

"सुलोचना म्हणजे तूच ना?"

ती कोपरावर जोर देऊन उठून बसली. मग माधवीकडे बघून म्हणाली, "लग्नात मामंजींनी तांदळात लिवलं. कुणी इचारलं न्हाय. इतकी वर्सं त्या नावाला व्हय म्हणत आले, पर ती बाई मला अजून भेटली न्हाय."

"मग तुमचं नाव काय?" माधवीनं विचारलं.

"तगर. माहेरी, सदलग्यात, आमच्या दारात फुलली हुती. आईनं ठेवलंतं."

मला माझ्या सख्ख्या आत्याचं नाव त्या दिवशी कळलं. वडील आक्का म्हणायचे, आम्ही आत्या, बोळातले वहिनी, दवाखान्यातले सुलोचना. तगर कुणीच म्हणत नव्हतं. माधवीनं नर्सला सांगितलं, यांना तगर म्हणून हाक मारा. नर्स बैलहोंगलकडची, तिला हसूच फुटलं. "अय्यो, टगरु म्हणजे आमच्यात मेंढा!"

"ठाव हाय गं मला," आत्या म्हणाली. "शाळंत कन्नड पोरी मला ब्यां ब्यां करायच्या. मेंढा तर मेंढा. मार तू हाक."

नर्सनं हाक मारली. आत्यानं "ओ" दिली आणि मुकाट्यानं गोळी गिळली. माधवी तिचे पाय चेपत बसली होती. त्या दिवसानंतर त्यांच्यातलं अवघडलेपण गेलं. डबा रिकामा होईपर्यंत दोघी सदलग्याच्या गोष्टी बोलत बसायच्या.

आत्या घरी आली, थोडे दिवस बरी होती, आणि उन्हाळा सरता सरता गेली. वर्तमानपत्रात बातमी द्यायची होती. बाळूअण्णानं मजकूर तयार केला, 'सुलोचना' असा. माधवीनं त्यात 'उर्फ तगर' घालायला लावलं. अण्णा म्हणाला, "वहिनी, लोकांना काय कळणार?" ती म्हणाली, "ज्यांना कळायचं त्यांना कळेल."

बातमी आली, खाली माझा नंबर होता, आणि माझा फोन दिवसभर वाजत राहिला. तगर कोण, म्हणून विचारणारे. छपाईची चूक दाखवणारे. एका लांबच्या नातेवाइकाला तर वाटलं, घरात दोन बायका एकदम गेल्या. त्याचं सांत्वन आवरता आवरता मला घाम फुटला. मी माधवीला म्हणालोसुद्धा, बघ, काय करून ठेवलंस.

संध्याकाळी आणखी एक फोन आला. कुणा नातवानं लावून दिला होता. पलीकडे खूप म्हातारा, कापरा आवाज होता.

"सदलग्यासनं बोलतीया. पेपरात आलंय ती आमची तगर व्हय रं? विणकराच्या आळीतली?"

"हो, आज्जी."

पलीकडे ती नातवाला सांगताना ऐकू आलं, "आमच्या शाळंतली तगरच ही."

"लगीन करून गेली, मागनं तिच्या माहेरची माणसंबी गाव सोडून गेली, न् मग तिचा पत्ताच लागला न्हाय," ती मला म्हणाली. "मी लई जणांस्नी इचारलं, वडगावात तगर म्हणून कोण हाय का. समदी म्हणायची, न्हाय, आशी कोण न्हाय."

मी फोन माधवीच्या हातात दिला.