रिकामा रोल आणि बापूंचे रविवार

राहुरी ते श्रीगोंदा या पट्ट्यात माझ्याइतकी लग्नं कुणी लावली नाहीत. म्हणजे कॅमेऱ्यासमोर. त्यातल्या निम्म्या फोटोंत नवरा कोणता न् मेव्हणा कोणता, हे त्या घरांत अजून भांडून ठरवावं लागतं!

शिक्षण सातवी नापास, धंदा फोटोचा, स्वभाव खोड्या काढायचा. असल्या माणसाकडं किस्से साठायला वेळ लागत नाही. ट्रंकेत जुन्या निगेटिव्ह चिकटून बसतात ना, तसं आहे. एक ओढली की चार हातात येतात. आज बापूंच्या बैठकीची ओढलीय.

बापू म्हणजे नगरचे जुने स्टुडिओवाले. एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराला एक रविवार सोडून एक, दुपारचे ते आम्हा तालुक्यांच्या फोटोवाल्यांना स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसवून शिकवायचे. कधी स्वतः बोलत, कधी बाहेरचा एखादा मुरलेला फोटोग्राफर बोलावत. वर चहा! पण मी चहासाठी गेलो नव्हतो. भीतीनं गेलो होतो.

*

झालं असं. माझा दोस्त सोपान फौजेत. सुट्टी काढून लग्नाला आला, आणि अंगाची हळद निघायच्या आत तार आली, ताबडतोब हजर व्हा. लढाईची हवा होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं निघाला. खिडकीतून म्हणाला, "दत्त्या, फोटू आईकडं दे. लई वाट बघंल ती."

त्या लग्नासाठी मी नवा कॅमेरा घेतला होता. नवा म्हणजे मला नवा, आधी दोघांनी वापरलेला. माझ्या जुन्या डबा कॅमेऱ्याच्या भिंगाला टोपण नव्हतं, याला होतं. बघायचं वरच्या बारक्या खिडकीतून, फोटो निघणार खालच्या भिंगातून. छत्तीस फोटो काढले. अंतरपाट, अक्षता, सोपानच्या मामाची जांभई, काही सोडलं नाही.

रोल धुतला. काचेसारखा स्वच्छ! छत्तीस ठिकाणी काही म्हणजे काही नाही.

आणि त्या घरात सोपानचा दुसरा एकही फोटो नव्हता.

*

पहिल्याच बैठकीत मी हात वर केला. "बापू, माझा एक मित्र आहे. त्याचा अख्खा रोल कोरा निघाला. काही करता येईल का?"

बापूंनी चष्मा पुसला. "काळा निघाला तर उजेड जास्त झाला. कोरा निघाला तर उजेड आत गेलाच नाही. रोल पुढं सरकत होता?"

"मस्त सरकत होता! म्हणजे, मित्र म्हणाला तसं."

"मग मित्राला सांग, फोटो काढताना भिंगाचं टोपण खिशात ठेवतात."

मला आठवलं. लग्नानंतर कॅमेरा चामड्याच्या पिशवीतून काढला, तेव्हा टोपण जागच्या जागी होतं. मला वाटलं होतं, वा, मीच आठवणीनं लावलं!

शेजारी श्रीगोंद्याचा काशिनाथ बसला होता. तो मोठ्यांदा म्हणाला, "बापू, निरोप कशाला? मित्र समोरच बसलाय की!"

खोली हसली. बापू हसले नाहीत. चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "दत्तोबा, त्या घरी जाऊन खरं सांग. त्याला डार्करूम लागत नाही."

*

पण सांगायचं कसं? सोपानची आई गंगूमावशी दर बाजाराला माझ्या दुकानाची पायरी चढायची.

"दत्तू, आलं का रं फोटू?"

"मावशी, नगरला धुवायला गेलेत."

पुढच्या बाजाराला, "आता वाळत घातलेत."

त्याच्या पुढच्या बाजाराला, "आभाळ आलंय मावशी, वाळंनात."

"आरं मुडद्या, फोटू हाईत का कुरडया?"

*

मनात अशी धाकधूक असली की मला खोडी सुचते. एकदा पुण्याहून एक पाहुणे आले. पांढऱ्या फडक्यावर पांढरं अंडं ठेवलं आणि म्हणाले, "याचा गोलपणा फोटोत आणून दाखवा. ज्याला अंडं जमलं, त्याला माणसाचा चेहरा जमला." मग ते बापूंबरोबर जेवायला गेले.

अंड्याचा धडा होणार हे मला आधीच कळलं होतं; मी अंडं उचलून खिशात टाकलं आणि घरून चुना फासून आणलेला बटाटा फडक्यावर ठेवला. अकरा जणांनी श्वास रोखून बटाट्याचे फोटो काढले! काशिनाथ तर गुडघ्यावर बसून म्हणाला, "काय नाजूक सावली पडलीय!"

पुढच्या बैठकीला बापूंनी एकेक फोटो निरखून पाहिला. मी आतल्या आत फुटायच्या बेतात.

"चांगले आलेत," बापू म्हणाले, "बटाट्याच्या मानानं. आणि दत्तोबा, ते अंडं कच्चं होतं. खिसा धुतलास का?"

धुतला होता. दोनदा.

*

आणखी एका पाहुण्यांनी सांगितलं, "लोकांना उभं करून फोटो काढू नका. माणूस कामात असताना, त्याच्या नकळत काढा. त्यात जीव असतो."

काशिनाथला हे फार पटलं. तो श्रीगोंद्याला एका बागायतदाराच्या उसात कॅमेरा घेऊन दबा धरून बसला. बागायतदार पाटाचं पाणी वळवत येत होता. काशिनाथनं नेम धरला. पायाखाली वाळलं पाचट वाजलं. बागायतदारानं फावडं उगारलं.

"कोन हाय रं? ऊस चोरतो व्हय?"

"चोर न्हाई! फोटू काढतोय तुमचा!"

फावडं खाली आलं. "मंग तसं सांगायचं की! थांब हितंच."

अर्ध्या तासानं बागायतदार आला तो कोट घालून, फेटा बांधून, घरातली खुर्ची डोक्यावर घेऊन. उसाच्या कडेला खुर्ची मांडली, हात गुडघ्यांवर ठेवले, श्वास धरला आणि म्हणाला, "हां. आता काढ माझ्या नकळत."

*

मग लढाई लागली, आणि आमचं हसणं आटलं. सोपानचं पत्र यायचं थांबलं. गंगूमावशी बाजाराला यायची, पण फोटोचं विचारायची नाही. नुसती पायरीवर बसायची. एकदा म्हणाली, "दत्तू, डोळं मिटलं की त्येचा चेहरा येत न्हाई रं नीट. कपाळ येतं, नाक येत न्हाई."

त्या दिवशी मी सांगायला तोंड उघडलं होतं. तिनं पदराच्या गाठीतला गूळ माझ्या हातावर ठेवला. तोंड परत मिटलं.

लढाई संपली तरी पत्र नाही. बैठकीत बापू चहाचा कप आधी माझ्याकडं सरकवायचे.

*

होळीच्या आधी एका दुपारी मी राहुरीच्या स्टँडवर उभा होतो. नगरच्या गाडीतून एक हडकुळा फौजी उतरला. उजव्या हाताला पट्टी, खांद्यावर पेटी.

"दत्त्या! फोटू दिलं का आईला?"

मी भर स्टँडवर त्याच्या गळ्यात पडून असा रडलो की कंडक्टर खाली उतरून विचारायला लागला, "कोण गेलं हो?"

"कुणी नाही गेलं," मी म्हणालो, "आला!"

घरापर्यंत सोबत गेलो आणि दारातच सगळं ओकून टाकलं. टोपण, कोरा रोल, कुरडया, सगळं. गंगूमावशीनं आधी मला लाटण्यानं हाणलं, मग सोपानच्या नाकावरून हात फिरवला, मग पुन्हा मला हाणलं. इतका गोड मार मी जन्मात खाल्ला नाही!

*

पुढची बैठक बापूंनी सोपानच्या अंगणातच भरवली. विषय, लग्नाचा फोटो. अकरा फोटोवाले हेच वऱ्हाडी. काशिनाथ भटजी झाला, अंतरपाट धरायला दोघं उभे राहिले. सोपानची बायको सुमन शालू नेसून आली, तेव्हा जरा पंचाईत झाली. तिला सहावा महिना. बापूंनी एक नजर टाकली आणि शांतपणे म्हणाले, "हार जरा मोठा आणा."

बापूंनी मलाच पुढं केलं. "दत्तोबा, तूच काढ. टोपण?"

मी खिशातून टोपण काढून सगळ्यांना दाखवलं. टाळ्या पडल्या. गंगूमावशी डोळे पुसत हसत होती. सोपान हसत होता. सुमनवहिनी तर पदरात तोंड घालून हसत होत्या.

मला राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, हसताय काय? अख्ख्या लग्नात कॅमेऱ्याकडं टक लावून तुम्हीच बघत होता. एवढं काळं टोपण तुम्हाला दिसलं नाही?"

त्यांनी पदर खाली घेतला.

"दिसलं की भावजी. पहिल्याच फोटूला दिसलं. सांगाया गेले, तर तुमीच वरडला, 'नवरीबाई, तोंड मिटा, फोटू हलतो!' म्हनून मिटलं. आता उघडलं तर चालंल का?"